तुम्ही विचारलंत म्हणून: घरात अंडी चालतात, मग मॅकरॉन चण्याच्या पाण्याचे का?

डिसेंबर आला, संत्री आली आणि मी मॅकरॉन, म्हणजे फेटलेलं अंड्याचं पांढरं आणि बदाम पूड यांची ती फ्रेंच बिस्किटं, करायला घेतले की हा प्रश्न ठरलेला. "अगं तुमच्याकडे अंडी चालतात, आधीचे किती सुंदर व्हायचे तुझे, मग हे चण्याच्या पाण्याचं काय काढलंयस?" बहीण विचारते, खालच्या मजल्यावरची मैत्रीण विचारते, शनिवारी माझ्याकडे बेकिंग शिकायला येणाऱ्या दोघी तर दर वेळी विचारतात. मी आजपर्यंत "पचायला हलके असतात" नाहीतर "करून बघायचं होतं" असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते खरं नाही. एकदाच नीट लिहिते, म्हणजे परत परत सांगावं लागणार नाही.

आधी एक सांगते, माझं अंड्याशी काही वाकडं नाही. मुलाच्या डब्यात ऑम्लेट असतं, केकमध्ये अंडी असतात. आणि अंड्याचे मॅकरॉन जास्त चांगले होतात हेही मला मान्य आहे. तीन अंड्यांचं पांढरं, म्हणजे साधारण 100 ग्रॅम, त्याला 130 बदाम पूड, तेवढीच आयसिंग शुगर, 90 बारीक साखर, 150 डिग्रीवर पंधरा मिनिटं, की शेल, म्हणजे मॅकरॉनची एकेक चकती, वरून पातळ कुरकुरीत आणि आतून चिवट-मऊ. चण्याच्या पाण्याचे दहातले दोन-तीन अजूनही माझ्याकडून आतून पोकळ निघतात. तेव्हा "अंड्याची सर नाही गं याला" असं कोणी म्हटलं तर मी वाद घालत नाही.

पण "हे अस्सल नाही" म्हटलं की मला राग येतो. अस्सल म्हणजे कुठलं? फ्रान्समध्येच नॅन्सी गावचे मॅकरॉन अजून एकेरी, बिनक्रीमचे, वरून तडकलेले असतात. दोन शेलमध्ये क्रीम भरायची ही पॅरिसची तऱ्हा विसाव्या शतकातली. आणि डाळी-कडधान्यं शिजवलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटलं जातं हे 2014 मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकानेच दाखवलं, 2015 मध्ये त्या पाण्याला ॲक्वाफाबा असं नाव पडलं. नॅन्सीच्या मॅकरॉनमध्येही अंड्याचं पांढरं असतंच, ते मी लपवत नाही. लपवण्यावरूनच तर हे सगळं सुरू झालं.

2021 चा डिसेंबर. नवऱ्याच्या आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नागपूरला आमच्याकडे आल्या होत्या, दहा दिवसांसाठी. आत्या माळकरी. लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ आहे, आषाढीची वारी पाय दुखायला लागले तेव्हाच सुटली. त्या आहेत तोवर घरात अंडं शिजणार नाही असं आमचं न बोलता ठरलेलं होतं, आणि मी ते पाळतही होते.

पण त्याच महिन्यात मी मॅकरॉनच्या मागे लागले होते. सप्टेंबरपासून अकरा वेळा बिघडले होते. पावसाळी हवेत ट्रे दोन-दोन तास ठेवला तरी वर पापुद्रा धरायचा नाही, आणि पापुद्रा नाही धरला की आतली वाफ वरूनच फुटते, शेल तडकतं. तो धरला तर वाफेला वर वाट मिळत नाही, ती खालून निघते आणि कडेला ती झालर येते, तिलाच फीट म्हणतात. डिसेंबरातल्या नागपूरच्या कोरड्या हवेत पंचवीस मिनिटांत बोटाला चिकटेना इतका पापुद्रा आला. आत्या दुपारी आतल्या खोलीत झोपल्या होत्या, आठ वर्षांच्या मुलाला मी हळू आवाजात अंडी फोडायला शिकवलं, पांढरं शेलला, पिवळं लिंबाच्या कर्डला, म्हणजे आतल्या आंबट सारणाला. ओटीजी ओव्हनच्या काचेतून बघितलं तर सगळ्या शेलना फीट. मी मुलाला उचलून घेतलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या, चहा झाला, मी बशी घेऊन बाहेर गेले. आत्यांच्या डोळ्यावर काळा चष्मा, नीट दिसत नव्हतं. त्यांनी बशीतला एक चाचपला, दोन बोटांत धरून त्याच्या गुळगुळीत पाठीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "यात काय काय आहे गं?"

मी म्हटलं, "बदाम, साखर, लिंबू, लोणी."

चारही गोष्टी त्यात होत्या.

त्यांनी खाल्ला. "बदामाच्या वडीपेक्षा हलकं आहे, लिंबाचा वास किती छान येतोय," म्हणाल्या आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. मी दिला. दुसरा अर्धा झाला होता तेव्हा मुलगा धावत आला आणि एकदम कौतुकाने म्हणाला, "आत्याआजी, अंडी मी फोडली! तिन्ही!"

त्या थांबल्या. उरलेला अर्धा बशीत ठेवला, म्हणजे बशी दिसत नव्हती म्हणून आधी डाव्या हाताने बशीची कड शोधली आणि मग ठेवला. भिंत धरत बेसिनपाशी गेल्या. डोळ्याला पाणी लावायचं नव्हतं म्हणून मान मागे न नेता, वाकून, चूळ भरत राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, शेजारच्या काकू उठून गेल्या तरी पाण्याचा आवाज येत होता. परत येऊन बसल्या, माळ हातात धरली आणि माझ्याकडे तोंड करून एवढंच म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुळशीचं पान आणि पाणी याशिवाय काही घेतलं नाही, ऑपरेशनची औषधं चालू असताना. तिसऱ्या दिवसापासून माझ्या हातचं जेवल्या. फक्त ताटात काय आहे हे मला विचारायचं बंद केलं, नवऱ्याला विचारायच्या. मी समोर वाढत उभी असताना.

पुढची दोन वर्षं मी स्वतःला सांगत होते की घाईत राहून गेलं, गडबडीत अंडं म्हणायचं सुचलं नाही. तसं नव्हतं. मला नीट आठवतं, "लोणी" म्हणून झाल्यावर मी थांबले होते आणि पुढचा शब्द तोंडात होता. अकराव्या फजितीनंतरची ती पहिली बशी होती आणि ती न खाता परत यावी असं मला वाटत नव्हतं. मग कधी वाटतं, पण मुळात मी ते त्यांच्यापुढे नेलंच का, काकूंना आत बोलावून देता आलं असतं. कधी वाटतं, मी खोटं कुठे बोलले. मग त्यांनी बशीची कड शोधली ते आठवतं.

तर त्यानंतर मी काबुली चणे भिजत घालायला लागले. रात्रभर भिजवायचे, मीठ न घालता कुकरला लावायचे, त्याच पाण्यात फ्रिजमध्ये ठेवायचे, दुसऱ्या दिवशी गाळून ते पाणी मंद आचेवर निम्मं आटवायचं, पांढऱ्यासारखं लिबलिबीत होईपर्यंत. फेटायला अंड्याच्या दुप्पट वेळ लागतो. ओव्हन 120-130 च्या वर नेला की शेल फाटतं, मग अर्धा तास धीर धरायचा. कच्च्या फेसाला चण्याचा वास येतो, भाजल्यावर बराच जातो, उरलेला संत्र्याच्या सालीने झाकला जातो, म्हणून मी लिंबावरून संत्र्यावर आले. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, किसणीवर दाबली की खाली दबते आणि पांढरं किसलं जाऊन कडू होतं, त्यामुळे फळ अर्धा तास फ्रिजमध्ये कडक करून मग हलक्या हाताने फक्त केशरी भाग किसायचा आणि लगेच साखरेत बोटांनी चोळायचा. साखर ओलसर होते आणि सगळं घर संत्र्याचं होतं. हीच साखर क्रीममध्ये गरम करून व्हाइट चॉकलेटवर ओतायची. रस मात्र क्रीममध्ये कधीच नाही, फाटतं. रस वेगळा आटवायचा, नुसतं संत्रं गोडच लागतं म्हणून त्यात दोन लिंबं, कॉर्नफ्लॉवर, लोणी. क्रीमचं कडं पाइप करायचं आणि मध्ये हे आंबट. कडं नसेल तर शेल रात्रीत भिजून बसतं. एक दिवस फ्रिजमध्ये, मग खायचे.

गेल्या डिसेंबरात मी एक डबा आत्यांना पाठवला, झाकणावर सगळं लिहून, चण्याच्या पाण्यासकट. चार दिवसांनी त्यांचा नवऱ्याला फोन आला. "तिला विचार, फेटलं कुठल्या भांड्यात?"

मी शेजारीच होते. मिक्सरचं भांडं तेच होतं, केकची अंडी फेटायचं. घासलेलं, गरम पाण्याने धुतलेलं, पण तेच. नवरा फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघत होता, त्याला मी काय म्हणावं असं वाटत होतं ते मला कळत होतं. मी म्हटलं, "तेच आहे म्हणून सांग."

डबा त्यांनी गल्लीतल्या पोरांना वाटला. पोरांना फार आवडले असं कळवलं.

यंदा मी स्टीलचं नवीन भांडं घेतलंय, आणि बीटरच्या काड्याही. वेगळ्या कपाटात ठेवलेत. आत्यांना अजून सांगितलेलं नाही.