48 केबीतला चेहरा

निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात मी ऑनलाइन फॉर्म भरून देतो. बँकेच्या क्लार्क भरतीची शेवटची तारीख होती. रात्री आठला एक मुलगी वडिलांना घेऊन आली. "दादा, फोटो अपलोड झालाय, सबमिट करायच्या आधी बघता का?"

प्रिव्ह्यू उघडला आणि माझ्या पोटात गोळाच आला. डोळ्यांच्या जागी चौकोन, गालावर पायऱ्या. परीक्षा केंद्रावर हाच फोटो तिच्या चेहऱ्याशी ताडून बघणार होते.

फाइल 48 केबीची. मर्यादा 20 ते 50 केबी, म्हणून साइटनं घेतली होती. मोबाइलवरचा 4 एमबीचा फोटो तिनं एका अ‍ॅपमध्ये पिळून काढला होता. अ‍ॅपनं पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, मात्र पुरेसे कमी केले नाहीत. म्हणजे लाखो पिक्सेल 48 केबीत कोंबलेले! जेपेग, म्हणजे फोटो साठवायची नेहमीची पद्धत, चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकातले बारकावे कमी करत जातं. फारच पिळलं की चौकोनात जेमतेम एक रंग उरतो. त्यातून फोटो कडुलिंबाखाली काढलेला. पानापानाला जागा लागते, मग चेहऱ्याच्या वाट्याला काय येणार?

"ताई, त्या भिंतीपाशी उभी राहा." पांढरी भिंत, समोरून ट्यूबलाइट. नवा फोटो खांद्यापर्यंत कापला आणि मग 200 बाय 230 पिक्सेलवर आणला. फाइल झाली 14 केबी! आता खालच्या मर्यादेत अडकलो. क्वालिटी 80 वरून 97 वर नेली, 27 केबी झाली. कपाळावरची टिकली स्वच्छ दिसायला लागली. वडील खुर्चीतून उठून स्क्रीनपाशी आले, बराच वेळ बघत राहिले.

सहीला 10 ते 20 केबी. कोऱ्या कागदावरची सही 140 बाय 60 मध्ये 7 केबीच भरली. तो आकार सक्तीचा नव्हता, म्हणून दोन्ही बाजू दुप्पट केल्या, 13 केबी झाली.

खरा वेळ खाल्ला डाव्या अंगठ्यानं. द्राक्षबागेत काम करून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. पहिल्या ठशात नुसता शाईचा डाग आला. असला ठसा लहान केला की उरल्यासुरल्या रेषाही एकमेकींत मिसळतात. हात साबणानं धुवायला लावले. पॅडवर अंगठा एकदाच टेकवला आणि पुन्हा शाई न लावता ओळीनं चार ठसे घेतले. तिसऱ्यात रेषा सुट्या दिसल्या. हाताने लिहायचं प्रतिज्ञापत्र एका दमात झालं.

फॉर्म सबमिट झाला तेव्हा साडेदहा वाजले होते. मी प्रिंट काढत होतो तोवर तिनं मैत्रिणीला फोन लावला होता, "तू फोटो पिळलास का? थांब, सबमिट करू नकोस. मूळ फोटो पाठव."

माझ्याच संगणकावर बसून तिनं तो आधी कापला, मग लहान केला.