थोरली जाऊ, धाकटी जाऊ आणि वाल्बोनाची खिंड

श्कोदरच्या रोझाफा किल्ल्याची भिंत एका जागी सतत ओली असते. चुन्याचं पांढरट पाणी पाझरतं तिथून. उत्तर आल्बेनियातली माणसं त्याला रोझाफाचं दूध म्हणतात.

त्याची गोष्ट अशी. तीन भाऊ किल्ला बांधायचे आणि रात्री भिंत ढासळायची. एका म्हाताऱ्यानं उपाय सांगितला. उद्या जिच्या हातून तुमचं जेवण येईल, तिला भिंतीत चिणा, पण घरी बोलू नका. तिघांनी शब्द दिला. थोरल्या दोघांनी रात्री हळूच आपापल्या बायकांना सावध केलं. धाकटा गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी थोरल्या दोघींनी सबबी सांगितल्या आणि धाकटी रोझाफा डबा घेऊन गेली. तिनं एवढंच मागितलं, की उजवा स्तन, उजवा डोळा, उजवा हात आणि उजवा पाय मोकळा ठेवा, बाळ तान्हं आहे.

मी आमच्या घरातली धाकटी सून. सोबत माझ्या थोरल्या जाऊबाई, वय 61. गोष्ट ऐकून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला तो किल्ला उतरेपर्यंत सोडला नाही. दिलेल्या शब्दाला तिकडे ‘बेसा’ म्हणतात. पुढचे चार दिवस हा शब्द आमच्या कानावर येत राहिला.

आता आम्ही तिथवर पोचलो कशा, ते सांगते, कारण मला सगळे तेच विचारतात. आमच्याकडे इटलीसाठी काढलेला मल्टिपल एन्ट्री शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा होता. तो शेंगेन देशात एकदा वापरून झाला असेल आणि मुदतीत असेल, तर आपल्या पासपोर्टवर आल्बेनियाचा वेगळा व्हिसा लागत नाही. म्हणून आधी रोम, मग तिराना. हा क्रम उलटा करू नका, आणि निघण्यापूर्वी नियम पुन्हा बघून घ्या. तिरानाहून बसनं दोनेक तासांत श्कोदर. डोंगरात एटीएमच्या भरवशावर राहायचं नाही, त्यामुळे रोख ‘लेक’, म्हणजे तिथलं चलन, श्कोदरलाच काढून घेतलं. मोठ्या बॅगा तिथल्या मुक्कामाच्या घरी ठेवल्या. मी पावती मागितली तर घरमालकांनी छातीवर हात ठेवून एकच शब्द उच्चारला, “बेसा.”

पहाटे फुर्गोन आली. फुर्गोन म्हणजे तिथली वडाप, भरली की सुटते. कोमानच्या धरणाकडे जाणारा रस्ता अतिशय खराब आहे, जाऊबाईंची कंबर बोलायला लागली होती. शेवटी एक बोगदा येतो आणि तो संपतो थेट धरणाच्या धक्क्यावर. द्रिन नदीवर धरण बांधून झालेला हा जलाशय इतका अरुंद आहे, की दोन्ही बाजूंचे कडे अंगावर येतात. बोट पुढे जाते तसं वाटतं, आता वाट बंद झाली. तेवढ्यात डोंगर बाजूला सरकतो. अडीच-तीन तास आम्ही डेकवरून हललो नाही. पलीकडच्या टोकाला, फिएर्झाला उतरलो तर वाल्बोना या डोंगरातल्या गावी आम्ही जिथे राहणार होतो, त्या घरून पाठवलेली गाडी उभी होती. फोनवर मोडक्यातोडक्या भाषेत “येतो” एवढंच ठरलं होतं.

जेवणाचं आधीच सांगते, कारण आम्ही दोघी शाकाहारी. श्कोदरला पहिल्याच दिवशी ब्युरेक घेतला, म्हणजे पातळ पदरांचा भरलेला पाव. “मिश?” म्हणजे मांस आहे का, असं विचारलं. दुकानदारानं मान आडवी हलवली. पहिल्या घासाला कळलं, आत खिमा होता. तिकडे बरेच लोक ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतात आणि ‘नाही’साठी वर उचलतात. तेव्हापासून मानेकडे बघायचं सोडलं. ‘पो’ म्हणजे हो, ‘यो’ म्हणजे नाही, आणि ‘पा मिश’ म्हणजे मांसाशिवाय, हे तीन शब्द पाठ करा. डोंगरात आमचे अजिबात हाल झाले नाहीत. मिरच्या, टोमॅटो आणि ताजं चीज शिजवून केलेली फर्गेसा, घट्ट दही, मक्याची भाकरी. ‘धाल्’ मागितलं की चक्क ताक मिळतं.

वाल्बोना ते थेथ या दोन गावांमधली ही पायवाट सतराएक किलोमीटरची. खिंड साधारण 1,800 मीटरवर, म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच. आधी नदीचं कोरडं पात्र, पांढऱ्या गोट्यांवर ऊन असं तापतं की डोळे उघडवत नाहीत. मग बीच वृक्षांची गार झाडी, मग उघडा चढ. दगडांवरच्या लाल-पांढऱ्या खुणा सोडायच्या नाहीत. शेवटच्या चढावर माझ्या पिंढरीत गोळा आला. जाऊबाईंनी काही न बोलता माझी सॅक स्वतःच्या पोटाशी अडकवली, स्वतःची पाठीवर होतीच. खिंडीत वारा इतका होता की उभं राहवेना, पण दोन्ही दऱ्या एकदम दिसत होत्या. आम्हाला आठ तास लागले.

थेथमध्ये दगडी मनोरा आहे. वैरात ज्याच्या जिवावर बेतलेलं असे तो पुरुष त्यात कोंडून घ्यायचा. डोंगरातल्या या जुन्या रीतींना ते ‘कानुन’च म्हणतात. खून कुणी कुणाचा फेडायचा हे त्यात आहे, आणि आल्बेनियन माणसाचं घर देवाचं आणि पाहुण्याचं, हेही त्यातच आहे.

मुक्कामाच्या घरी एक आजी होत्या. मक्याचं पीठ गरम पाण्यात कालवून त्यांनी ते गोल तव्यात थापलं, वर लोखंडी झाकण ठेवलं आणि झाकणावर निखारे पसरले. भाजल्याचा वास आला तशी जाऊबाई चुलीपाशी जाऊन बसल्या. “इंदी,” मी आमच्याकडे बोट दाखवलं. आजींनी भिंतीवरच्या तसबिरीकडे हात केला. “नन तेरेझा!” म्हणजे आपल्या मदर तेरेसा. 1910 मध्ये, आताच्या उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोप्येला आल्बेनियन घरात जन्मलेली मुलगी आमच्या कोलकात्यात राहिली, म्हणून आम्ही आजींच्या घरच्याच ठरलो. निघताना आजींनी भाकरी फडक्यात बांधून दिली. मी पैसे पुढे केले. मान वर गेली, जिभेचा ‘टक’ आवाज आला. यो.

श्कोदरला परतलो तेव्हा अंधार पडला होता. आमच्या बॅगा जिथे ठेवल्या तिथेच, जिन्याखाली होत्या. त्यांच्यावर घडी घालून ठेवलेला जाऊबाईंचा स्कार्फ होता. तो त्या पहिल्या दिवशी किल्ल्याच्या वाटेवर हरवला म्हणून हळहळत होत्या, आणि तो राहिला होता या घराच्याच दोरीवर.