शिगम्याची तयारी: ताशेवालीच्या नोंदवहीतून, भाग तिसरा

मागच्या नोंदीला तीन आठवडे झाले. तर्री, म्हणजे ताशावरचा काड्यांचा अखंड गडगडाट, आता सलग दीड मिनिट टिकते आणि डाव्या हाताची काडी उजवीच्या मागे पडत नाही. पण आजची नोंद तर्रीची नाही. होळीनंतर गोव्यात शिगम्याला, म्हणजे तिथल्या होळीच्या उत्सवाला, जायचं नक्की झालंय आणि सध्याचा सगळा सराव त्याच दिशेने चाललाय.

का जायचं, ते आधी सांगते. आपल्या ढोल-ताशा पथकात ताशा बहुतेक वेळ उभ्याने वाजतो. मिरवणुकीत दहा पावलं पुढे, मग थांबा, एक हात (ठेक्याचा ठरलेला तुकडा) पूर्ण करा, पुन्हा दहा पावलं. रोमटामेळाचं, म्हणजे शिगम्यातल्या वाजतगाजत जाणाऱ्या मेळाचं, तसं नसतं. ढोल, ताशे, कासाळी (मोठ्या झांजा) वाजवणारे आणि त्यांच्यापुढे झेंडे, छत्र्या, अब्दागिऱ्या नाचवणारे, सगळे मिळून झुलत रस्ता कापतात. मधूनच कोणीतरी "ओस्सय!" अशी आरोळी ठोकतो आणि अख्खा मेळ "ओस्सय!" म्हणून उत्तर देतो. लय तिथे पायातून वर येते, मग हातात उतरते. गेल्या वर्षी हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून मला माझं वाजवणं कमरेपासून वरचं, अर्धंच वाटायला लागलंय.

गेल्या वर्षी माझी एक मोठी चूक झाली, ती तुमची होऊ नये म्हणून लिहिते. शहरांमधल्या शिगम्याच्या मिरवणुकीत स्पर्धा असते: रोमटामेळ, लोकनृत्य, वेशभूषा, चित्ररथ. परीक्षकांच्या मंचासमोर प्रत्येक पथक जीव ओतून वाजवणार, मग तिथेच उभं राहावं, असा माझा हिशोब. दुपारी चारला जाऊन जागा धरली. पण मंचाशेजारी भोंगे होते आणि निवेदन सतत चालू. चाळीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणातली जेमतेम तीन मिनिटं कामाची निघाली. बाकी सगळा आवाज फाटलेला.

यंदा मंचाकडे फिरकायचंच नाही. मिरवणूक जिथून सुटते तिथे उभं राहायचं. पथकं तिथे दोन-दोन तास ताटकळत असतात, ढोलाच्या दोऱ्या आवळत असतात, चामडी पानाचे (वरच्या ताणलेल्या पडद्याचे) ताशे विस्तवावर शेकत असतात. परतताना अशी एक जागा मला योगायोगाने दिसली होती. एक आजोबा पेटत्या कागदावरून ताशा अलगद फिरवत होते. मध्येच कानाजवळ नेऊन नखाने टिचकी मारायचे, मान हलवायचे, पुन्हा शेकायचे. चौथ्या टिचकीला पान "टण्ण" बोललं आणि त्यांनी काड्या उचलल्या. आपल्याकडे प्लास्टिकचं पान आल्यापासून हे कान लावणं गेलंच. ती चार टिचक्यांची चढत गेलेली पट्टी मला मुद्रित करून आणायची आहे.

आता बेत. या उत्सवाला तिकीट नाही, खुर्चीचा क्रमांक नाही. जो येईल त्याचा रस्ता. म्हणून तारीख आणि जागा या दोनच गोष्टी नीट ठरवाव्या लागतात. फोंडा, पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को, डिचोली, साखळी, वाळपई अशा गावांच्या मिरवणुका वेगवेगळ्या संध्याकाळी असतात, आणि हे सगळं होळीनंतर साधारण दोन आठवडे चालतं. वेळापत्रक होळीच्या आसपास जाहीर होतं. ते हातात आल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नका. जायचं तिकीट मात्र मी आधीच काढलंय: गोवा एक्सप्रेस, मिरज-लोंढामार्गे, पहाटे मडगाव. तिथून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी सेवेची, बस. मिरवणुकीच्या दिवशी रस्ते बंद करतात आणि रात्री बसगाड्या विरळ होतात, त्यामुळे मुक्काम चालत जाता येईल इतक्या अंतरावरच हवा.

माझा मुक्काम मावशीकडे, फोंड्याजवळच्या एका गावात. तिला फोनवर सगळा बेत उत्साहाने सांगितला. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "रस्त्यावरचा मेळ बघशील गं, पण मांड नाही बघितलास तर काय बघितलंस?"

मांड म्हणजे गावातली ती ठरलेली पवित्र जागा, जिथे शिगमा उभा राहतो. आधी तिथे जमायचं, ग्रामदेवतांना नमन घालायचं आणि मगच ढोल बाहेर पडायचा. मेळ घरोघरी अंगणात जातो, जती (शिगम्याची गाणी) गातो, घरधनी नारळ-दक्षिणा देतो आणि मेळकरी त्या घराचं बरं चिंतणारी तळी म्हणतात. मावशीने बजावलंय: मांडावर चपला घालून जायचं नाही, नमन चालू असताना फोन वर करायचा नाही, आणि त्या दिवसांत घरात मासळी मागायची नाही. नमन मुद्रित करायचं का, हे मी मांडावरच्या वडीलधाऱ्यांना विचारणार. ते नाही म्हणाले तर नुसतं ऐकणार.

या एका फोनने माझा बेत उलटा झाला. आधी दोन शहरांच्या मिरवणुका आणि एक दिवस सत्तरी तालुक्यात घोडेमोडणीचा नाच, असं ठरवलं होतं. घोडेमोडणी सोडताना खरंच जिवावर आलं. कमरेला लाकडी तोंडाचा सजवलेला घोडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचणारे ते वीर ढोल-ताशाच्या ठेक्यावर पुढे-मागे सरकतात, आणि आपल्याला जे शिकायचंय ते नेमकं त्या पावलांत आहे. पण दिवस तीनच आहेत. शेवटी ठरलं ते असं: एक संध्याकाळ शहरात, उरलेले दोन दिवस मावशीच्या गावच्या मांडावर. सत्तरी पुढच्या वर्षी.

शहरात एका गोष्टीसाठी मात्र जागा सोडून पुढे जाईन, ती म्हणजे गोफ. वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्या हातात धरून नाचणारे एकमेकांना ओलांडत जातात आणि वर वेणी विणली जाते. मग तीच पावलं उलटी टाकत सगळी वेणी सोडवतात. एक जण जरी मात्रा चुकला तरी गाठ बसते. ठेका धरणाऱ्याने हे एकदा तरी जवळून बघावं.

मागच्या नोंदीवर कोणीतरी घुमटाबद्दल, म्हणजे गोव्याच्या मातीच्या वाद्याबद्दल, विचारलं होतं. रोमटाचं वाद्य वेगळं, घुमटाचं घर आरतीत आणि सुवारीत (घुमटाच्या सामूहिक वादनात), शामेळ नावाचं तालवाद्य आणि कासाळ्यांच्या सोबतीला. मातीच्या त्या भांड्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बेकायदा ठरलं, आता बकरीचं लावतात. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. मावशीच्या शेजारी एक घुमट आहे, वाजवून बघायला मिळालं तर पुढच्या नोंदीत लिहीन.

सामान थोडकंच: छोटा ध्वनिमुद्रक, त्याची आवाजाची पातळी घरूनच खाली आणलेली, कारण दहा ढोल एकदम पडले की काय होतं ते गेल्या वर्षी कळलं. कानात घालायचे बोळे, पाण्याच्या दोन बाटल्या, सुती कपडे, वही. ताशा नेत नाहीये. पाहुणीने काड्या घेऊन मांडावर जाऊ नये, असं माझं मत. काड्यांची एक जोडी पिशवीत असेल, कोणी आपणहून ताशा पुढे केला तरच निघेल.

आता सराव. रोमटाची एक घोषणा आहे, "घणचे कटर घण, कटर घण". ती मोठ्याने म्हणून बघा. मला तरी त्यात आख्खा ठेका ऐकू येतो: "घण"ला ढोलाचा भरीव ठोका, "कटर"ला ताशाचे तीन झपाझप फटके, आणि पुन्हा "घण"वर दोघं एकत्र. मी ही ओळ तोंडाने म्हणत चालते आणि प्रत्येक "घण"ला पाऊल टाकते. पहिले चार दिवस ताशा गळ्यात न अडकवता, फक्त मांडीवर हात मारत. पाचव्या दिवशी ताशा घेतला, तर "कटर"ला पाऊल घाईने पडायला लागलं. हात वेगात गेले की पाय त्यांच्यामागे धावतात. उपाय सापडला तो असा: "कटर"ला गुडघा किंचित वाकवायचा आणि पाऊल हवेतच ठेवायचं. मेळातली माणसं जी झुलतात ना, ते हेच असावं. तो झोका मी आजवर निव्वळ नाच समजत होते.

सोमवारी सोसायटीच्या गच्चीवर 64 पावलांनंतर ठेका सुटला. काल 110 झाली. गाडी सुटायला अजून तीन आठवडे आहेत, तोवर 300 पावलं आणि मध्ये एक वळण, एवढं जमवायचंय. पथकातलं कोणी संध्याकाळी ढोल घेऊन गच्चीवर येणार असेल तर कळवा. एकटीच्या "घण"ला वजन येत नाही.