एकास चोवीस

मे महिन्यात आमच्या वेंगुर्ल्यात माणसं दोन गोष्टींची वाट बघतात. पावसाची, आणि आंबा संपायच्या आत येतो म्हणालेल्या मुंबईकरांची. मी तिसऱ्याच गोष्टीची बघतो. जपानमध्ये शिझुओका नावाचं शहर आहे. तिथे दर मे महिन्यात हॉबी शो भरतो आणि येत्या काळात कुठल्या कुठल्या गाड्यांचे किट येणार ते जाहीर होतं. किट म्हणजे डब्यातून सुटे येणारे प्लॅस्टिकचे भाग. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, जोडायचे. मग एक मोटार तयार होते. ती चालत नाही.

हे शेवटचं वाक्य मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य असावं. परुळ्याच्या मामाने पहिल्यांदा माझं टेबल बघितलं तेव्हाचा संवाद घरात अजून सांगितला जातो.

"ह्यां काय रे?"

"गाडी."

"चलता?"

"नाय."

"मगे केवढ्याक घेतलंस?"

"तीन हजार."

मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझी बघ. फुकटात चलणा नाय."

मामाच्या गाडीकडे नंतर येतो. आधी जाहीर होण्याची गंमत सांगू दे, कारण या छंदातला निम्मा आनंद तिथेच आहे. पाऊणही असेल.

मालवणचा मित्र संध्याकाळी फोन करतो आणि म्हणतो, "झाली जाहीर." आवाज असा की घरात पाळणा हलला असावा. त्या घटकेला हातात काय असतं? एक फोटो. राखाडी प्लॅस्टिकचा बिनरंगाचा नमुना, किंवा तोही नाही, नुसतं खोक्यावरचं चित्र आणि महिन्याचं नाव. एवढ्यावर आम्ही दोघं तास-दीड तास बोलतो. पत्रिका बघणारे भटजी चार ग्रहांवरून मुलीचं सासर सांगतात, तसं. बॉनेट उघडणार का? म्हणजे आत इंजिन दिलंय की वरून टोपण आणि खाली पोकळ? चाकं वळणार का? काचांना रंगवताना लावायचे स्टिकर कापून दिलेत की ते आपणच ब्लेडने कापायचे? नावाची अक्षरं चकचकीत धातूच्या स्टिकरची की साधी डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील पट्टी? गाडी जमिनीपासून किती उंच बसलीय? नेहमीप्रमाणे जीपसारखी उचललेली तर नाही ना? आणि आम्हा भारतीयांचा खास प्रश्न, स्टिअरिंग उजवीकडे मिळणार का? या बाबतीत जपानी लोक आपले सोयरे. त्यांच्याकडेही रस्त्याची डावी बाजू, त्यामुळे त्यांच्या देशी गाड्या आपसूक उजव्या हाताच्या. युरोपातल्या गाडीलाही ते कधी कधी दोन्ही डॅशबोर्ड देतात. एकच आला, आणि तोही डावा, तर मालवणचा मित्र दुखवटा पाळतो.

मग छपराची रेघ. त्याच्यावरून आमचं मागच्या वर्षी वाजलं होतं. त्याचं म्हणणं, मागच्या काचेपाशी छप्पर अर्धा मिलिमीटर जास्त उतरलंय. फोटोवरून. मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी ताणलेल्या फोटोवरून! मी म्हटलं, अरे, अर्धा मिलिमीटर म्हणजे असा केवढा तो. तो म्हणाला, एकास चोवीसमध्ये अर्धा म्हणजे खऱ्या गाडीवर १२ मिलिमीटर, कारखान्यात बनवणाऱ्याने अशी चूक केली असती तर त्याला ठेवला असता का? यावर मला उत्तर सुचलं नाही. आठ दिवस आम्ही बोललो नाही.

हे एकास चोवीस म्हणजे काय, तर खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढं मॉडेल, फुटाला अर्धा इंच. इंग्रजी मापांच्या काळातला सोपा हिशेब. अमेरिकेत मात्र एकास पंचवीस रूढ झालं. तिकडे मिशिगनमधली एएमटी ही कंपनी १९४८ मध्ये सुरू झाली ती मुळी मोटारविक्रेत्यांना गिऱ्हाइकापुढे ठेवायला छोट्या गाड्या करून देण्यासाठी, आणि तिथून पुढे किट आले. बाहेरच्याला चोवीस आणि पंचवीस सारखेच. आपली अँबेसेडर ४३२५ मिलिमीटर लांब. चोवीसमध्ये ती १८ सेंटिमीटर होईल, पंचवीसमध्ये १७.३. सात मिलिमीटरचा फरक. पण दोन्ही मापांच्या गाड्या एका फळीवर शेजारी ठेवणारा माणूस आमच्या लेखी श्रावणात बांगडा खाणाऱ्यासारखा. रणगाड्यांचं जे एकास पस्तीस माप जगभर चालतं त्याचा उगम तर आणखी मजेशीर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला शिझुओकाच्याच टामिया या किट-कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा केला, त्याच्या पोटात बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून जेवढा करावा लागला तेवढा केला, आणि ते माप पस्तीसाच्या आसपास निघालं. पुढे तेच शास्त्र झालं. आमच्या गावातल्या अर्ध्या रूढी अशाच सुरू झाल्या असणार असा मला दाट संशय आहे.

टामिया म्हणजे लाल-निळ्या दोन चांदण्यांवाले. १९४६ मध्ये त्यांनी सुरुवात केली ती लाकूड कापायच्या धंद्याने, पुढे लाकडाची मॉडेलं, आणि पहिलं प्लॅस्टिकचं किट १९६० मध्ये. हे मला कळलं तेव्हा सावंतवाडीची चितारआळी डोळ्यांसमोर आली. लाकडी केळी, लाकडी आंबे, लाकडी भाजी, रंग असा की माशी बसावी. लाकूड आपल्याकडेही होतं आणि हातही होते. शिझुओकात लाकडाकडून साच्याकडे गेले, आपण लाकडाच्या आंब्यापाशी थांबलो. थांबलो ते वाईट केलं असं मी म्हणत नाही. तो आंबा अजून माझ्या शोकेसमध्ये आहे, मापात आहे, एकास एक.

साच्यावरून आठवलं. आमचा सगळ्यांत मोठा धसका म्हणजे जुना साचा. पोलादाचा साचा करायला अमाप खर्च येतो, म्हणून एकदा केलेला साचा कंपन्या वर्षानुवर्षं चालवतात. दहा-वीस वर्षांनी खोक्यावर नवीन चित्र, आत नवीन डिकॅल, आणि 'नवीन' म्हणून जाहीर. डबा उघडून चासिसच्या पोटाकडे बघावं, तिथे बारीक अक्षरांत साल कोरलेलं सापडतं. आपल्या लग्नाच्या आधीचं.

हे दुःख मी गणपतीच्या शाळेतल्या काकांना सांगायला गेलो होतो. शाळा म्हणजे आमच्या वाडीतली मूर्ती करायची जागा. माझा एअरब्रश, म्हणजे रंग फवारायचं पेन, त्यांच्या कॉम्प्रेसरवर चालतो, त्यामुळे ते माझे गुरूही आणि वीजपुरवठादारही. ते शाडूच्या एका मूर्तीची सोंड ओल्या फडक्याने गुळगुळीत करत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साचो म्हाताऱ्याचो आसा, माझ्या बापाशीचो. लोक पाट घेवन येतत आणि सांगतत, औंदा नवीन कायतरी करा. मी मुकुट बदलतंय. खूश होतत."

पाट ही आमच्याकडची आगाऊ नोंदणी. आषाढात, उशिरात उशिरा नागपंचमीला, घरचा पाट शाळेत नेऊन द्यायचा. त्यावर खडूने नाव. मग महिनाभर जाता-येता डोकावायचं. आपल्या पाटावर माती चढली का, हात बसले का, रंग लागला का. वाट बघणं कसं असावं ते आम्हाला कोणी शिकवायला नको. फरक एवढाच की काकांकडची मूर्ती चतुर्थीला मिळते म्हणजे मिळते. किटचं तसं नाही. जाहीर मे महिन्यात, येणार डिसेंबरात, मग मार्चमध्ये, मग शांतता. मुंबई-गोवा महामार्गाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाने याबद्दल कुरकुर करू नये, म्हणून करत नाही.

शिवाय आपल्याकडे पोचणं हा वेगळाच घाट. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांचं ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. आमची मॉडेलंही खेळण्यांच्याच खात्यात. मी पन्नाशीला आलोय, चष्म्यावर भिंग लावून आरशाच्या काड्या रंगवतो, आणि सरकारदरबारी मी खेळतो. बायकोचं आणि सरकारचं एवढ्या एका बाबतीत एकमत आहे.

आणि समजा डबा आला. मग? खरं सांगतो, आलेल्या डब्याचं मी पहिल्या दिवशी झाकण उघडतो, वास घेतो, पिशव्या न फोडता भाग बघतो, झाकण लावतो आणि माळ्यावर ठेवतो. माळ्यावर सध्या सव्वीस डबे आहेत. कारण विचाराल तर हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत पाणी इतकं की लॅकरचा रंग मारला तर वाळताना त्यावर पांढुरकी साय धरते. काळी गाडी राखेत लोळल्यासारखी दिसते. काका मूर्तींना रात्रभर बल्ब लावून ठेवतात तसा मीही लावतो, पण एकदा बल्ब जवळ गेला आणि एका सुंदर गाडीचं छप्पर उकडलेल्या पापडासारखं झालं. तेव्हापासून रंग दसऱ्यानंतर. दसऱ्यानंतर दिवाळी, मग जत्रा, दशावतार, मग काजू-आंब्याचे दिवस, की आला मे. मे महिन्यात तर नवीन जाहीर होतं.

माळ्यावर डब्यांना स्वस्थता मिळते असंही नाही. एक जुना डबा चौदा वर्षांनी उघडला तर रबरी टायरांनी शेजारच्या प्लॅस्टिकच्या चाकांना मिठी मारली होती. मऊ टायरांतून काहीतरी झिरपतं आणि प्लॅस्टिक विरघळतं, उष्म्यात लवकर. चारही चाकांवर टायरांची नक्षी, खोल. खऱ्या गाडीत हे झालं असतं तर कोर्टात गेलो असतो.

आता मामाची गाडी.

दर वर्षी यादी येते तेव्हा मी सगळी वाचतो. पोर्श असते, स्कायलाइन असते, पुन्हा पोर्श असते. मी एका गाडीचं नाव शोधत असतो, ते नसतं. प्रीमियर पद्मिनी. मुळातली फियाट ११०० डिलाइट, आपल्याकडे १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, मागे इवलेसे पंख, इंजिन १०८९ सीसी. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरात फोटो आले होते. मित्र म्हणतो, मारुतीची जिप्सी हवी तर एक वेळ होईल, जपानी जिम्नीचं किट आण, करवतीने मधे काप, लांब कर. कोणी केलेलीही असेल. पद्मिनीला असा आडमार्ग नाही.

मामा मुंबईत टॅक्सी चालवायचा. पुढे त्याने स्वतःसाठी जुनी, साईच्या रंगाची पद्मिनी घेतली आणि दर गणपतीला ती पाचशे किलोमीटर हाणत परुळ्याला यायची. टपावर कॅरियर, कॅरियरवर ट्रंक, ट्रंकेवर ताडपत्री. कशेडीच्या घाटात पाणी उकळायचं, मामा बॉनेट उघडून कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि आम्ही पोरं व्हाळाचं पाणी कॅनमधून आणायचो. माझ्या डोक्यातलं किट त्या मापाचं आहे. बॉनेट उघडं राहणारं. कॅरियर सुटा. ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर मी माझा आणीन. सोळा सेंटिमीटरची वस्तू, मागून मागून काय मागतोय?

१९७६ मध्ये टामियाने पोर्श ९३४ चं मोठं किट काढलं, त्याआधी शुन्साकू टामिया यांनी एक खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती पूर्ण खोलली होती. प्रत्येक भाग मोजायला. गेल्या मे महिन्यात पुन्हा पोर्शच जाहीर झाली तेव्हा मी चिडून मापाची टेप, वही आणि व्हर्निअर घेतलं आणि परुळ्याला गेलो. कोणी करणार नसेल तर पत्र्याजाड प्लॅस्टिकच्या शीटमधून आपणच करू.

गाडी गोठ्यामागच्या मांगरात आहे. दहा वर्षं तरी हललेली नाही. मागच्या सीटवर कोंबडी बसलेली होती. मामा दारात खुर्ची टाकून बसला, म्हणाला, "इकूची नाय हां." मी म्हटलं, फक्त मोजतो.

डाव्या बाजूने सुरुवात केली. पुढच्या चाकाच्या कमानीपासून दाराच्या फटीपर्यंत किती, दार किती, फटीपासून मागच्या चाकापर्यंत किती. वहीत लिहिलं, चोवीसने भागलं, खाली रेघ मारली. मग उजवी बाजू. पहिलंच माप जुळेना. टेप तिरकी धरली असेल म्हणून पुन्हा घेतलं. मग मामाला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. उजवीकडचं पंधरा मिलिमीटर कमी.

"ता तसांच आसा," मामा म्हणाला. "हातखंब्याक ट्रकान मारल्यान. कुडाळच्या मिस्त्रीन मडगार्ड ठोकून बसवल्यान. बॉनेट तर दुसऱ्याच गाडीचा."

मी चोवीसने भागलं. ०.६२५.

मालवणच्या मित्राला फोन लावावा की नाही याचा विचार करत मी बराच वेळ तिथेच उकिडवा बसलो. मग कोंबडी उठली, तिच्या खाली अंडं होतं, आणि मामीने आतून हाक मारली की मोजून झालं असेल तर तेवढं घेऊन ये.