बाराव्या होलसाठीचे जागरण

‘कधी गोल्फची स्टिक हातात धरली नाहीत, मग एप्रिलमधल्या एका रविवारी रात्रभर जागून तो संथ खेळ टीव्हीवर कशासाठी पाहता?’ असे मला घरीदारी नेहमी विचारले जाते. विचारणाऱ्यांची समजूत अशी असते, की चेंडू मारला जातो तेवढाच खेळ आणि मधला सगळा वेळ वाया. मी मात्र त्या मधल्या वेळासाठीच जागतो. चेंडू स्थिर असतो, तो कोणी टाकत नाही, कोणी अडवत नाही. काय करायचे ते खेळाडूने स्वतः ठरवायचे असते आणि फसले तर बोट दाखवायला समोर कोणीही नसते.

मास्टर्स ही स्पर्धा 1934पासून अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, ऑगस्टा नॅशनल या एकाच मैदानावर होत आली आहे. उरलेल्या तीन मोठ्या स्पर्धांची मैदाने बदलत राहतात. हे एक मात्र टीव्हीवर पाहून पाहून पाठ होते. त्यातला बारावा होल (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी एक) जेमतेम 155 यार्डांचा, म्हणजे या खेळाडूंच्या दृष्टीने किरकोळ. पण समोर रेज क्रीक हा ओढा, त्यापलीकडे अरुंद ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा, आणि उंच झाडांमध्ये सतत दिशा बदलणारा वारा. रविवारी झेंडा बहुधा उजवीकडे असतो, आणि तिथे पोहोचण्यासाठी चेंडू पाण्यावरून अधिक लांब न्यावा लागतो.

2019मध्ये वादळाच्या अंदाजामुळे शेवटची फेरी सकाळीच सुरू झाली, त्यामुळे आपल्याकडे ती ऐन आयपीएलच्या वेळेत आली आणि रिमोटसाठी मला बरीच रदबदली करावी लागली. टायगर वूड्सच्या पुढे चाललेल्या गटातल्या कोएप्का आणि पोल्टर यांचे चेंडू बाराव्याला ओढ्यात गेले होते. मग वूड्सच्याच गटातल्या, दोन फटक्यांनी आघाडीवर असलेल्या मोलिनारीचाही गेला, फिनाऊचाही गेला. वूड्सने झेंड्याकडे न मारता डावीकडे, बंकरवरून (वाळूच्या खड्ड्यावरून) ग्रीनच्या मोकळ्या भागात चेंडू ठेवला आणि पार घेतली, म्हणजे या होलसाठी ठरलेल्या तीन फटक्यांत काम संपवले. नेत्रदीपक असे त्यात काहीच नव्हते. तरीही त्रेचाळिसाव्या वर्षी पंधरावे मोठे विजेतेपद त्याने तिथेच जवळ आणले, असे माझे मत आहे. त्याच्या तीन वर्षे आधी, 2016मध्ये, पहिल्या नऊ होलनंतर पाच फटक्यांनी पुढे असलेल्या जॉर्डन स्पीथने याच जागी दोनदा पाण्यात मारून सात फटके खर्च केले होते आणि स्पर्धा डॅनी विलेटने जिंकली होती.

टीव्हीवर चढउतार कळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. दहावा होल सुमारे शंभर फूट खाली उतरतो आणि पडद्यावर जवळजवळ सपाट भासतो. उलट मैदानावरच्या प्रेक्षकाला मोबाइल नेता येत नाही, धावफलक हाताने बदलले जातात आणि एका जागी उभे राहून दूरवरच्या आरोळीवरून काय घडले असावे याचा तर्क करत बसावे लागतो. हा सौदा मला घरबसल्या परवडतो.

तुम्हाला एकदा पाहायचेच असेल, तर संपूर्ण रात्र जागू नका. आघाडीची जोडी आपल्याकडच्या मध्यरात्रीच्या सुमारास सुरुवात करते आणि तीनच्या आसपास बाराव्याला पोहोचते. गजर अडीचचा लावा, आणि घरचे झोपले आहेत म्हणून आवाज पूर्ण बंद करू नका. खेळाडू आणि कॅडी (त्याची बॅग वाहणारा मदतनीस) वाऱ्याविषयी हलक्या आवाजात जे बोलतात, ते समालोचकही त्या वेळी गप्प राहून ऐकत असतात.