घर घेताना अडतं ते रोखीवर

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना स्वतःचं घर मिळावं म्हणून सेवाभावी संस्थांनी पैसा लावावा का? जरूर लावावा, पण आयती घरं वाटण्यात नाही. बहुतेकांचं अडतं ते खरेदीच्या महिन्यात एकदम लागणाऱ्या रोख रकमेवर.

नाशिकमधला 12 लाखांचा फ्लॅट धरा. बँक जास्तीत जास्त 90 टक्के, म्हणजे 10 लाख 80 हजार देते. घरचे 1 लाख 20 हजार. 6 टक्के मुद्रांक शुल्काचे 72 हजार, नोंदणीचे 12 हजार. घराची किंमत 10 लाखांच्या वर गेली की हा खर्च कर्जात धरत नाहीत. म्हणजे 2 लाख 4 हजार रोख. वीजमीटर आणि सोसायटीची अनामत वेगळीच. (खरेदीखत एकट्या बाईच्या नावावर केलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. नवरा-बायकोच्या जोडनावावर ती मिळत नाही, आणि हे अनेकांना नोंदणीच्या दिवशी कळतं.) ही रक्कम संस्थेने बिनव्याजी द्यावी आणि महिना 1,700 रुपयांनी 10 वर्षांत परत घ्यावी. तेच पैसे पुढच्या कुटुंबाला जातील.

आता बँकेचा महिन्याचा हप्ता बघा. 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी साधारण 9,700. संस्थेचे धरून 11,400. नवरा-बायको मिळून महिना 25 हजारांच्या आत कमावणाऱ्यांना हे झेपत नाही. त्यांना फ्लॅटच्या भरीला घालणं हा अन्याय आहे. भाड्याच्या खोलीची अनामत भरायला मदत केली तर ती खरी उपयोगी पडते.

शहरातल्या गावठाणात किंवा शहराच्या कडेला स्वतःची जागा असेल तर प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) केंद्राचे दीड आणि राज्याचा एक, असे अडीच लाख मिळतात. तिथे आधी कागद अडवतात. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतात, नाहीतर जागा नुसत्या नोटरीवर घेतलेली असते. वारसनोंद, वाटणी, मोजणी यासाठी संस्थेने वकील आणि भूमापक दिला तर विटा-सिमेंट देण्यापेक्षा जास्त घरं उभी राहतील. दुसरी अडचण अशी की अनुदान टप्प्याटप्प्याने येतं, बांधकामाचे जिओ-टॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले फोटो ऑनलाइन चढल्यावर. मधल्या काळात मिस्त्री, मजूर थांबत नाहीत आणि काम लिंटेलवर, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत येऊन लटकतं. इथे दोन-तीन महिन्यांची बिनव्याजी उचल पुरते.

ताबा मिळाल्यावरही हात सोडू नये. दिंडोरी, पिंपळगावच्या बागांत द्राक्षकाढणीला जाणाऱ्यांच्या हातात जानेवारी ते एप्रिल पैसा खेळतो, पावसाळ्यात ओढाताण होते. हप्ता 90 दिवसांवर थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं. म्हणून तीन हप्त्यांची, म्हणजे 29 हजारांची ठेव खरेदीआधीच बाजूला काढायला लावावी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर असलेल्यांनाही हाच नियम. आणि बिल्डरला टोकन देण्याआधी नवरा-बायको दोघांचे सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी बघाव्यात. मायक्रोफायनान्सचे थकलेले हप्ते त्यात दिसतात, बँक कर्ज नाकारते आणि टोकन अडकून पडतं.