जकार्डच्या गावातली दारं

आम्ही येवल्याचे. घरात पैठणीचे दोन हातमाग, आणि काठासाठी मागाच्या डोक्यावर बसवलेलं जकार्ड, म्हणजे छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षीचे धागे उचलणारं यंत्र. हा शब्द जन्मापासून कानावर पडत होता. ते एका माणसाचं आडनाव आहे हे मात्र मला कॉलेजात कळलं. हे यंत्र घडवणारा जोसेफ मारी जकार्ड, जन्म १७५२, गाव फ्रान्समधलं ल्यों. ते गाव तेव्हापासून मनात होतं. गेल्या वर्षी कामासाठी पॅरिसला गेले, तेव्हा दोन दिवस हट्टाने काढले आणि तिथून दोन तासांच्या रेल्वेने ल्यों गाठलं.

पहिली दुपार वायाच गेली. जुन्या ल्योंमध्ये इमारतींच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर निघणाऱ्या वाटा आहेत, त्यांना त्राबूल म्हणतात, एवढंच मी वाचलं होतं. जड लाकडी दारं ढकलत फिरले. एकही उघडलं नाही. एका दारातून एक आजी बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि दार घट्ट लावून घेतलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं, कारण ती त्यांची राहती घरं होती.

संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणच्या मुलीने नीट समजावलं. सगळ्या त्राबूल खुल्या नसतात. काही ठिकाणच्या रहिवाशांनी महापालिकेशी करार केलाय: दिवसा लोकांना आतून जाऊ द्यायचं, बदल्यात पालिका देखभालीचा भार उचलते. अशा दारापाशी छोटी पाटी असते. सकाळी जा, दाराजवळचं बटण दाबून बघ, आणि आत गेल्यावर हळू बोल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सां-जां रस्त्यावरचं ५४ नंबरचं दार उघडलं. आधी अंधारा बोळ, मग अचानक वरून उजेड पडलेला चौक, पुन्हा बोळ, पुन्हा चौक. भिंतीला टेकवलेली सायकल, कुंड्या, कुठूनतरी कांदा परतल्याचा वास. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात दिंडीतून वाकून आत शिरावं तसंच वाटलं, फक्त इथे वाड्याला वाडा जोडलेला. बाहेर पडले ती थेट मागच्या बफ रस्त्यावर, २७ नंबरच्या दारातून. ही वस्ती कापून मोठा रस्ता काढायचा घाट १९६०च्या सुमारास घातला होता. रहिवासी उभे राहिले, आणि १९६४ मध्ये हा भाग फ्रान्समधला पहिला संरक्षित विभाग ठरला. युनेस्कोची मोहोर त्यानंतर खूप वर्षांनी, १९९८ मध्ये उमटली.

पण माझा जीव अडकला तो क्रुआ-रूसच्या टेकडीवर. ही विणकरांची टेकडी. घरांच्या खिडक्या उंचच उंच, आतली छतं चार मीटरच्या आसपास, कारण जकार्ड बसवल्यावर मागाला तेवढी उंची लागे. घराचं माप मागाने ठरवलेलं! हे वाचणं वेगळं आणि रस्त्यात उभं राहून मान वर करून बघणं वेगळं. व्होरास चौकातला तो सहा मजली उघडा दगडी जिना मी पूर्ण चढले. इथल्या विणकरांना कान्यू म्हणत. १८३१ मध्ये विणाईचा ठरलेला किमान दर व्यापारी देईनात, तेव्हा ते काळा झेंडा घेऊन उतरले: काम करत जगू, नाहीतर लढत मरू. दराचं ते भांडण मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या ओसरीवर मी ते कितीदा ऐकलंय.

शेवटी कान्यूंच्या संग्रहालयात गेले. मार्गदर्शक बाईंनी जुना माग चालवून दाखवला. छिद्रांच्या पुठ्ठ्यांची माळ वर सरकली, दोऱ्या उचलल्या गेल्या, धोटा पलीकडे गेला. माझे डोळे भरून आले. चाललेल्या मागाचा आवाज मी फोनवर अण्णांना पाठवला.

पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. म्हणाले, "हात सावकाश आहे गं बाईंचा. पण माग आपलाच आहे."